लाइट गेल्यावर टाकीतलं पाणी कुठे जातं?

जव्हार-मोखाड्याकडे वारा-पाऊस सुटला की लाइट जाते, आणि परत कधी येईल ते सांगता येत नाही. घरात समुद्री माशांची टाकी ठेवायची असेल, तर तिच्याखालच्या गाळण यंत्रणेचा विचार इथूनच सुरू करावा.

१९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या दारातच समुद्र होता. आपल्याला तो घाट उतरून डहाणूला. म्हणून खारं पाणी घरीच करायचं: आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मत्स्यालयाचं समुद्री मीठ. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही.

हे पाणी गाळायला टाकीखालच्या स्टँडमध्ये काचेची दुसरी टाकी बसते, तिला संप म्हणतात. वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या कडेवरून सांडून पाइपनं खाली येतं आणि कापडी पिशवीतून गाळलं जातं. पुढे स्किमरमधल्या बारीक बुडबुड्यांना माशांची घाण चिकटते, फेस होऊन वरच्या कपात जमते. शेवटच्या कप्प्यातला पंप पाणी पुन्हा वर चढवतो. जोडणीत पितळी तोटी कुठेच नको. तांब्याचा अंश कोळंबी आणि प्रवाळांना मारतो.

आता लाइट गेली. पंप थांबला, आणि ज्या पाइपनं पाणी वर चढत होतं त्यातूनच ते उलटं खाली येऊ लागलं. टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद धरा. तिच्यात एक सेंटिमीटर पाणी म्हणजे चार लिटर. परतीच्या पाइपचं तोंड पाण्याखाली ३ सेंटिमीटर असेल, तर १२ लिटर उतरतं. १५ सेंटिमीटर असेल, तर ६०. ६० बाय ४०च्या संपात १२ लिटरनं पातळी ५ सेंटिमीटर चढते, ६० लिटरनं २५. मग पाणी फरशीवर आणि प्लगच्या बोर्डापाशी. म्हणून पाइपचं तोंड वरच ठेवा. हवा शिरायला पाइपला भोक पाडतात, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही लावतात, पण शेवाळ-क्षारांनी दोन्ही अडकतात. भरवसा संपातल्या रिकाम्या जागेवरच ठेवावा. लाइट लांबली तर माशांसाठी बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी हवा.

पाणी आटतं तेव्हा मीठ मागेच राहतं, त्यामुळे भर घालायची ती आरओच्या बिनमिठाच्या पाण्याची. आरओतून वाया जाणारं पाणी झाडांना, फरशीला वापरा. मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. जिथे टँकरची वाट पाहावी लागते, तिथे ही टाकी ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी मासे आणण्याआधी आरओचं पाणी भरून पंप चालवावा आणि चालू पंपाचा प्लग स्वतः काढावा. संप भरून वाहिला नाही, तर पंप पुन्हा सुरू करा, पातळी स्थिरावली की पंपाच्या कप्प्यावर तिथे मार्करनं रेघ ओढा आणि मगच मीठ घाला. त्या रेघेच्या वर पाणी कधीही भरू नका.