न मागितलेली वाटी
टोकियोच्या गल्लीतल्या इझाकायात, म्हणजे दारूसोबत खाणं देणाऱ्या छोट्या उपाहारगृहात, परदेशी गिऱ्हाईक बसताच न मागितलेली एक वाटी समोर येते आणि बिलात तिचे साधारण 300 ते 500 येन लागतात. ही ‘ओतोशी’. अनेकांना ती फसवणूक वाटते; मला ती रास्त वाटते. जपानमध्ये टिप देत नाहीत, जागा इवलीशी, गिऱ्हाईक तासन्‌तास रेंगाळणारं. बसण्याचं मोल कुठून तरी निघायलाच हवं. शिवाय पहिला पदार्थ येईपर्यंत पेयासोबत तोंडात टाकायला काही मिळतं. आधी सांगत का नाहीत, हा आक्षेप मात्र खरा आहे. नेहमीच्यांना ते ठाऊकच असतं. नवख्यांसाठी पाटी लावायला हवी. शाकाहारी मराठी प्रवाशांनी तर विचारूनच घ्यावं, कारण साध्या दिसणाऱ्या भाजीतही बहुतेकदा माशाचा अर्क असतो.