वाट साफ करणाऱ्याचा सत्कार केला तर वाट जास्त साफ राहते का?

प्रश्न साधा वाटतो. कुणी वर्षानुवर्षं बिनपैशाचं काम करतंय आणि आपण त्याची दखल घेतली, तर काम वाढतं, तेवढंच राहतं की घटतं? पीएचडीच्या मुलाखतीत हा विषय मांडलात तर पहिला प्रतिप्रश्न येईल, "मोजणार कसं?" आजची पोस्ट त्याबद्दल आहे.

उदाहरण माझ्या फिल्डच्या भागातलं, गगनबावड्याचं घेते. आज इथून कोकणात उतरायला करूळ आणि भुईबावडा असे दोन गाडीरस्त्याचे घाट आहेत. गाडीरस्ते होण्याआधी सह्याद्रीच्या घाटवाटांनी माल जायचा तो बैलांच्या आणि तट्टांच्या पाठीवरून. जुन्या पायवाटा अजून आहेत, पण त्या आपोआप टिकत नाहीत. एक पावसाळा लक्ष दिलं नाही की कारवी आणि करवंदीच्या जाळ्या वाट गिळतात, आणि उतारावर वाटेचाच ओढा होतो. कुणीतरी कोयता घेऊन जातं, पाणी बाजूला काढायला आडवी चर मारतं, निसटलेला दगड परत बसवतं. आपण क्वाड्रॅट टाकायला त्याच वाटेने जातो आणि प्रबंधात लिहितो, "नमुने गोळा केले."

घोड्याची वाट राखणं आणखी अवघड. विल्सन आणि सेनी यांनी १९९४ साली मोंटानातल्या डोंगरवाटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पायी चालणारे, घोडे, मोटारसायकली आणि सायकली अशी तुलना होती. सर्वात जास्त माती सुटी झाली ती घोड्यांमुळे. कारण कळायला सोपं आहे: वजन मोठं आणि ते पेलणारा खूर लहान. सुटी झालेली माती पुढच्या पावसात वाहून जाते. मोंटानातच १९७३ साली घोडेस्वारांची 'बॅक कंट्री हॉर्समेन' ही संघटना सुरू झाली. हे लोक स्वतः करवत घेऊन पडलेली झाडं कापतात, वाटा दुरुस्त करतात. अशा संघटना आपल्या कामाचे तास लिहून ठेवतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ज्या कामाची नोंद नाही ते संशोधकाच्या दृष्टीने घडलेलंच नसतं. आपल्याकडची नोंद वेगळ्या प्रकारची. नाणेघाटात पाण्याचं टाकं दान करणाऱ्याचं नाव सातवाहन काळापासून दगडात कोरलेलं आहे. त्यातला गाळ उपसणाऱ्याचं कुठेच नाही!

आता मूळ प्रश्न. सर्वात सोपा मार्ग म्हणजे सत्कार झालेले आणि न झालेले स्वयंसेवक घ्या आणि तुलना करा. हा मार्ग चुकीचा आहे. सत्कार होतो तोच मुळात जास्त काम करणाऱ्याचा, त्यामुळे नंतरही तो जास्त काम करताना दिसणारच. याला निवडीचा दोष म्हणतात. उपाय एकच, सत्कार कुणाचा हे चिठ्ठी टाकून ठरवायचं.

तसं खरंच झालंय. रेस्टिव्हो आणि व्हॅन डी राईट यांनी २०१२ साली विकिपीडियावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सर्वात सक्रिय १ टक्का संपादकांतून २०० जण घेतले आणि त्यातल्या १०० जणांना यादृच्छिकपणे 'बार्नस्टार' हे शाबासकीचं चिन्ह दिलं. पुढच्या ९० दिवसांत त्यांचं काम बाकीच्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त भरलं. याना गॅलस यांनी २०१७ मध्ये जर्मन विकिपीडियावरच्या नवख्या संपादकांवर असाच प्रयोग मांडला. पुरस्कार मिळालेल्यांत टिकून राहण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढलं. पैसा खर्च नाही, फक्त दखल.

मग पैसेच दिले तर? नीझी आणि रुस्टिकिनी यांचा २००० सालचा प्रयोग बघा. इस्रायलमधली शाळकरी मुलं घरोघर देणग्या गोळा करत होती. एका गटाला काहीच मोबदला नव्हता, दुसऱ्याला जमा रकमेच्या १ टक्क्याइतका, तिसऱ्याला १० टक्क्यांइतका. सर्वात जास्त देणग्या आणल्या बिनपैशाच्या गटाने. थोडे पैसे देणं हे काहीच न देण्यापेक्षा वाईट ठरलं.

हे निष्कर्ष गगनबावड्याला जसेच्या तसे लावू नका. विकिपीडियावर प्रत्येक संपादन आपोआप मोजलं जातं, कोयत्याचा घाव मोजला जात नाही. म्हणून मी माणसाऐवजी वाट मोजेन. दर १०० मीटरला वाटेची रुंदी, घळ किती खोल गेली, अडथळे किती, आणि हे सगळं मेमध्ये एकदा व ऑक्टोबरमध्ये एकदा. दुसरी अडचण वाडीची. तिथे एकाला शाल-श्रीफळ दिलं की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि ज्यांना दिलं नाही ते रुसतात. म्हणजे तुलनेचा गटच बिघडला. त्यामुळे चिठ्ठी व्यक्तींची न टाकता वाड्यांची टाकावी लागेल. मग वाड्या मोजक्याच, नमुना छोटा, आणि परिणाम असला तरी आकडेवारीत दिसेलच याची खात्री नाही. गाईडला हे आधीच सांगा, तिसऱ्या वर्षी नको.

शिवाय स्वयंसेवक कुणाला म्हणायचं हेही ठरवा. गुराखी वाट साफ करतो ती स्वतःच्या म्हशींसाठी. त्याला मोजायचं का? माझं मत, मोजायचं, पण वेगळ्या रकान्यात.

सर्वात नाजूक गोष्ट नावाची. आभारात नाव घालणं सौजन्याचं वाटतं. पण वाट राखीव जंगलातून जात असेल तर भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार तिथे विनापरवाना झाड तोडणं गुन्हा आहे. म्हणजे "अमुक यांनी वाट मोकळी करून दिली" हे तुमचं वाक्य त्या माणसाविरुद्ध पुरावा होऊ शकतं. म्हणून संमतीपत्रात दोन वेगळे चौकोन ठेवा: माहिती वापरायला संमती आणि नाव छापायला संमती. दुसरा चौकोन भरून घेण्याआधी ती जमीन वनखात्याची आहे, गावाची की खाजगी, हे सातबारा आणि नकाशा काढून बघा.