हृदयाच्या झडपांवरील बुरशी

हृदयाच्या झडपेवर किंवा कृत्रिम रक्तवाहिनीवर बुरशी वाढणे हा विरळा, पण जिवावर बेतणारा आजार आहे. झडपांच्या एकूण संसर्गांपैकी सुमारे १ ते २ टक्के बुरशीजन्य असतात. त्यांत कॅन्डिडा सर्वाधिक आढळते, त्याखालोखाल अ‍ॅस्परजिलस. कृत्रिम झडप बसवलेले, मोठ्या शिरेत दीर्घकाळ नळी असलेले, प्रतिकारशक्ती खालावलेले आणि शिरेतून अमली पदार्थ टोचून घेणारे यांना धोका अधिक असतो.

कृत्रिम पृष्ठभागावर बुरशी चिकट थर तयार करते आणि त्यात औषध नीट शिरत नाही. झडपेवरील गाठी मोठ्या व ठिसूळ असतात. त्यांचे तुकडे रक्तातून वाहत जाऊन मेंदूच्या किंवा पायांच्या धमन्या बुजवतात. रेंगाळणारा ताप, धाप लागणे किंवा अचानक पक्षाघात ही प्रमुख लक्षणे होत.

निदान रक्ताचे कल्चर व इकोकार्डिओग्राफीने होते. अ‍ॅस्परजिलस मात्र रक्तात क्वचितच सापडते. त्यासाठी काढलेली झडप किंवा गाठ तपासावी लागते. कॅन्डिडावर अ‍ॅम्फोटेरिसिन बी किंवा एकायनोकॅन्डिन, तर अ‍ॅस्परजिलसवर व्होरिकोनॅझोल देतात. शक्य तेथे बाधित झडप किंवा कृत्रिम वाहिनी शस्त्रक्रियेने काढतात. संसर्ग उलटू नये म्हणून त्यानंतरही दीर्घकाळ, काहींना आयुष्यभर, गोळ्या घ्याव्या लागतात.