मोतीबिंदू निघाले, पण कुणाचे?

पन्नाशी ओलांडलेल्या शंभर अंध भारतीयांपैकी ६६ जणांना मोतीबिंदूमुळे दिसत नाही. २०१५ ते २०१९ या काळात देशातल्या ३१ जिल्ह्यांत झालेल्या राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षणाचा नेमका आकडा ६६.२ टक्के आहे. बुबुळावर फूल पडल्यामुळे आलेलं अंधत्व ८.२ टक्के, काचबिंदूमुळे आलेलं ५.५ टक्के. या दोहोंच्या मधे ७.२ टक्क्यांची एक नोंद आहे, ती वाचून थांबायला होतं: मोतीबिंदूच्याच शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत. सगळी कारणं तपासून सर्वेक्षणाने काढलेला निष्कर्ष असा, की या वयातलं ९२.९ टक्के अंधत्व टाळता येण्यासारखं आहे. ते एकतर येऊच द्यायला नको होतं, किंवा आल्यावर उपचाराने दूर होण्याजोगं होतं.

इथे ‘अंध’ कुणाला म्हटलंय तेही पाहायला हवं. असेल तो चष्मा लावून, दोहोंतल्या चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल तर ती व्यक्ती अंध. निरोगी डोळ्याला जे ६० मीटरवरून दिसतं, ते या माणसाला ३ मीटरवरूनही दिसत नाही. ओट्यावर बसलेल्या आजीला अंगणात उभ्या असलेल्या नातवाची बोटं मोजता येत नाहीत, इतकी ही नजर अधू.

आता हा देशाचा हिशेब एका जिल्ह्याला, राजस्थानातल्या जयपूरला, लावून पाहू. सर्व वयोगट धरले तर देशात अंधत्वाचं प्रमाण ०.३६ टक्के. २०११च्या जनगणनेत जयपूर जिल्ह्याची लोकसंख्या होती ६६.२६ लाख. देशाची सरासरी या जिल्ह्याला लावली तर जवळपास २४ हजार माणसं निघतात. ही घरोघर जाऊन केलेली मोजणी नव्हे, नुसता गुणाकार आहे, आणि तोही जुन्या लोकसंख्येवर. पण काम किती मोठं आहे याचा अंदाज त्यातून येतो. एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी ही वस्ती, आणि सर्जनने अर्ध्या तासाच्या आत करावी अशी एक शस्त्रक्रिया, एवढंच अंतर त्यातल्या बहुतेकांच्या आणि नजरेच्या मधे आहे.

०.३६ हा आकडा खाली कसा आला, ती गोष्टही सरळ नाही. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा हातात असलेल्या पाहणीत प्रमाण १.३८ टक्के होतं. १९८६-८९ मध्ये ते १.४९ झालं, २००६-०७ मध्ये १.० वर आलं. त्यानंतरची घसरण मोठी दिसते, पण तिच्यातला काही भाग व्याख्येचा आहे. पूर्वी आपल्याकडे ६/६० पेक्षा कमी नजर म्हणजे अंधत्व धरत. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेप्रमाणे ३/६० ही रेघ स्वीकारली. मधल्या पट्ट्यातली माणसं त्या दिवशी कागदावर अंध राहिली नाहीत. प्रगती खोटी आहे असं मी म्हणत नाही, प्रगती झालीच आहे. फक्त १.० आणि ०.३६ यांची थेट वजाबाकी करून टाळ्या वाजवू नयेत.

या प्रगतीचा मोठा टप्पा राजस्थान आणि महाराष्ट्र यांनी बरोबरच गाठला. जागतिक बँकेच्या कर्जातून १९९४ ते २००२ या काळात सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला, त्यात ही दोन्ही राज्यं होती. उद्दिष्ट होतं १ कोटी १० लाख शस्त्रक्रियांचं. झाल्या दीड कोटीहून अधिक. संख्येचं काम फत्ते झालं. पण त्याच काळात, १९९०च्या दशकाच्या अखेरीस, जयपूरच्या पूर्वेकडच्या भरतपूर जिल्ह्यात पन्नाशीपुढच्या चार हजारांवर ग्रामस्थांचे डोळे तपासले गेले. जुन्या ६/६० च्या व्याख्येने सुमारे १२ टक्के माणसं अंध निघाली. त्याच माणसांना योग्य नंबरची भिंगं लावून पुन्हा पाहिलं, तर प्रमाण ६ टक्क्यांवर आलं.

म्हणजे दोन अंधांमागे एकाला शस्त्रक्रिया नव्हे, नीट चष्मा हवा होता. यातले काहीजण एकदा शस्त्रक्रिया होऊन गेलेले होते. जुन्या पद्धतीत डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून टाकत, त्या जागी दुसरं बसवत नसत. मग सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा देत. तो चष्मा हरवला, फुटला किंवा काडी मोडली, की माणूस पुन्हा अंधारात. सरकारदरबारी मात्र त्याची नोंद ‘शस्त्रक्रिया झाली’ अशीच. कृत्रिम भिंग डोळ्यातच बसवणं सार्वत्रिक झालं तेव्हा हे दुखणं ओसरलं. त्यात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ साली काढलेल्या ऑरोलॅबचा वाटा मोठा आहे. आयात केलेलं भिंग शंभर डॉलरांच्या पुढे असताना तिथे ते सुमारे दहा डॉलरांत तयार होऊ लागलं.

मग आज अंध कोण उरलंय? सर्वेक्षणातल्या पन्नाशीपुढच्या पुरुषांत अंधत्व १.६७ टक्के, बायकांत २.३१. शहरात १.८०, खेड्यात २.१४. आणि सगळ्यात मोठी दरी शिक्षणाची: दहावी व त्यापुढे शिकलेल्यांत ०.४३ टक्के, निरक्षरांत ३.२३ टक्के. साडेसात पट. शहर-खेड्यातला फरक त्यापुढे किरकोळ वाटतो. राजस्थानात २०११ साली स्त्रियांची साक्षरता ५२ टक्के होती, आज साठी-सत्तरीत असलेल्या बायकांची त्याहून पुष्कळ कमी. जयपूरपासून तासाभराच्या अंतरावर, फागी किंवा चाकसूच्या बाजूच्या ढाणीत, म्हणजे वाडीत, राहणारी निरक्षर म्हातारी या तिन्ही ओळींत एकदमच बसते.

उपचार का घेतले नाहीत, हेही विचारलं गेलं. पुरुषांनी पहिलं कारण सांगितलं पैशाचं (३१ टक्के). बायकांच्या यादीत पैसा दुसरा आला (२१.२), पहिली आली ‘स्थानिक कारणं’ (२३.१). या कोरड्या शब्दांमागे काय असतं ते आपल्याकडच्या कुठल्याही खेड्यात कळेल. बरोबर जायला कुणी नाही. सून शेतावर, मुलगा शहरात. म्हशीचं कोण बघणार? आणि ‘आता या वयात मला दिसून काय करायचंय’ हे तिचं स्वतःचंच बोलणं, जे घरातले लगेच मान्य करतात. शस्त्रक्रिया फुकट केली तरी हे अडथळे जागचे हलत नाहीत. माझ्या मते साऱ्या आकडेवारीत धोरण आखणाऱ्यांनी आधी वाचावी अशी ओळ हीच.

शिबिरांनी हा प्रश्न सुटेल असं बराच काळ मानलं गेलं. अरविंदच्याच शिबिरांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं, की डोळ्याची तक्रार असलेल्यांपैकी जेमतेम ७ टक्के लोक शिबिराला येतात. नीट आखलेल्या, नावाजलेल्या शिबिरांची ही गत! जो स्वतः चालत येऊ शकतो, त्याचीच शिबिरात गाठ पडते.

त्यावरचा उपाय म्हणजे माणसाच्या दारात जाणं. जयपूरमध्ये या कामाशी जोडलेलं नाव म्हणजे जयपूर कॅलगरी आय हॉस्पिटल. कॅनडातल्या कॅलगरीत १९६३ साली सुरू झालेल्या ‘ऑपरेशन आयसाइट’ या संस्थेचं ते भागीदार. ही संस्था भारतात रुग्णालयांना आसपासच्या वस्त्यांशी बांधते. गावातली प्रशिक्षित बाई किंवा आशा ताई घरोघर जाते, अंगणातच नजर तपासते, कुणाला रुग्णालयात न्यायचं त्याची यादी करते आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा त्याच उंबऱ्यावर येते. शेवटची फेरी सर्वांत मोलाची. भरतपूरच्या हरवलेल्या चष्म्यांची खबर घ्यायला तेव्हा कुणी फिरकलं नव्हतं.

दारात गेलेल्या बाईच्या मागे जवळच एखादं कायमचं केंद्रही हवं. ५० हजार वस्तीमागे एक दृष्टी केंद्र, हे प्रमाण आपल्याकडे रुळलेलं आहे. जयपूर जिल्ह्यातली ग्रामीण लोकसंख्या २०११ मध्ये साधारण साडेएकतीस लाख होती. म्हणजे नुसत्या खेड्यांसाठी ६३ केंद्रं. तिथे सर्जन लागत नाही. नंबर काढणारा तंत्रज्ञ, भिंगांची पेटी, चष्मे, डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र आणि मोठ्या रुग्णालयाशी जोडलेला फोन एवढं पुरतं.

आणि चष्म्याला कमी लेखू नये, जयपुरात तर नाहीच. हे पाचू-माणकांना पैलू पाडणाऱ्यांचं शहर. जोहरी बाजारामागच्या गल्ल्यांत, रामगंजच्या घरांत कारागीर काडीच्या टोकाला लाखेने चिकटवलेला खडा फिरत्या चकतीवर धरतो, उचलतो, डोळ्याजवळ नेतो, पुन्हा टेकवतो. एक पैलू तिरपा गेला की खड्याची किंमत गेली. सांगानेरच्या छापखान्यात ठशाला ठसा जुळवणारा, बांधणीची गाठ मारणारी, लाखेच्या बांगडीवर खडे बसवणारी या सगळ्यांची रोजी हातभर अंतरावरच्या नजरेवर आहे. चाळिशी लागली की तीच आधी जाते. सर्वेक्षणाच्या ‘अंध’ रकान्यात यातलं कुणीच येत नाही, पण रोजगार हातचा जातो. आसामच्या चहामळ्यांतल्या चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवर झालेल्या प्रयोगात जवळचं दिसायचा चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची क्षमता दुसऱ्या गटाच्या तुलनेत २१.७ टक्क्यांनी वाढली. पैलू पाडणाऱ्याचं काम चहा खुडण्याहून कितीतरी बारीक.

धुळीच्या या मुलखात एक लढाई जिंकलीही गेली आहे. खुपऱ्यांनी राजस्थानात पिढ्यान्‌पिढ्या डोळे घालवले. १९६३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटल्याचं प्रमाणित केलं. औषध तर लागलंच, पण स्वच्छ पाणी आणि तोंड धुण्याची सवय यांचाही त्यात मोठा वाटा.

पन्नाशीच्या आतल्यांचं चित्र वेगळं आहे. तिथे अंधत्वाचं पहिलं कारण बुबुळावरचं फूल, ३७.५ टक्के. त्यातल्या अनेकांना नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ हवं; जयपूरची आय बँक सोसायटी ऑफ राजस्थान २००२ पासून ते काम करते आहे. बाळाला नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत ‘अ’ जीवनसत्त्वाचे नऊ डोस वेळेवर मिळाले, तर काही डोळ्यांवर ती वेळच येत नाही.

राजस्थान सरकारने २०२३ च्या सुरुवातीला दृष्टीच्या हक्काचं धोरण लागू केलं; असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. अंधत्व ०.३ टक्क्यांवर आणायचं हे त्याचं लक्ष्य. देशभरात २०२२-२३ या एका वर्षात ८३ लाखांहून अधिक मोतीबिंदू काढले गेले, तेव्हा हातांची कमतरता आहे असं म्हणवत नाही. मात्र २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मोजपट्टी बदलली आहे. आता विचारायचं ते असं: ज्यांना शस्त्रक्रियेची गरज होती, त्यांतल्या किती जणांना ती मिळून खरोखर चांगलं दिसू लागलं? २०३० पर्यंत हे प्रमाण ३० टक्के अंकांनी वाढवायचं ठरलं आहे. या मोजणीत शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचे ते ७.२ टक्के लपत नाहीत, आणि घराबाहेर न पडलेली म्हातारीही भाजकात मोजली जाते. जयपूरच्या प्रत्येक तालुक्याचा हा आकडा, स्त्री-पुरुष वेगळे करून, दरवर्षी प्रसिद्ध व्हायला हवा. आपल्या नंदुरबारचा आणि गडचिरोलीचाही.