चाहतेपण कुठे संपतं, छळ कुठे सुरू होतो

लेखमाला : हातातला मोबाईल, घरातला धोका – भाग ७

मे २०२१. निगडी प्राधिकरणातल्या एका घरात एक तरुण शिरला. जवळ सुरा आणि नकली पिस्तूल. हे घर 'नटरंग'मुळे महाराष्ट्राला माहीत झालेल्या अभिनेत्री सोनाली कुलकर्णी यांच्या आईवडिलांचं. वडील मनोहर कुलकर्णी यांनी त्याला अडवलं आणि झटापटीत ते जखमी झाले. तरुण पोलिसांच्या हाती लागला. तो म्हणाला, मी सोनालीचा चाहता आहे, तिला भेटायला आलो होतो.

मागच्या भागात आपण शेअर बाजाराच्या खोट्या ग्रुपमधून होणारी लूट पाहिली. तिथे लुटणाऱ्याला पैसा हवा असतो. आज ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे, त्याला पैसा हवाच असतो असं नाही. त्याला माणूस हवा असतो. पडद्यावर दिसणारी, गाणारी, नाचणारी, बोलणारी व्यक्ती आपली आहे, तिने आपल्याला उत्तर दिलंच पाहिजे, असा त्याचा हट्ट असतो. हा हट्ट दोन वाटांनी बाहेर येतो. कधी असा माणूस सरळ पाठलाग करतो, तर कधी खोटी ओळख घेऊन जाळं विणतो. या दुसऱ्या प्रकाराला कॅटफिशिंग म्हणतात.

एकतर्फी ओळख

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ साली, टीव्ही नुकताच घराघरांत पोचत असताना, एक गोष्ट टिपली. रोज पडद्यावर दिसणारा माणूस प्रेक्षकाला आपल्या ओळखीचा वाटू लागतो. तो थेट आपल्याकडे बघून बोलतो, आपल्या घरात बोलतो. प्रेक्षकाला त्याच्या सवयी ठाऊक असतात, पण त्याला मात्र प्रेक्षकाचं नावही माहीत नसतं. ही जवळीक एकतर्फी असते. ती वाईट नाही. आपण सगळेच ती अनुभवतो. मालिकेतल्या सुनेसाठी डोळे पुसणारी आजी काही आजारी नसते.

फरक पडला तो मधलं अंतर गेल्यामुळे. आकाशवाणी परभणीच्या निवेदकांना श्रोते पोस्टकार्डं लिहायचे. कार्ड केंद्राच्या पत्त्यावर जायचं, कोणीतरी ते वाचायचं, पसंतीचं गाणं लागायचं, नाव उच्चारलं जायचं. निवेदकाचं घर आणि श्रोत्याचं घर यांच्यामध्ये एक संस्था उभी असायची. परभणीचे संकर्षण कऱ्हाडे नाटक-मालिकांतून पुढे आले. त्या वाटेवर रंगमंच असतो, वाहिनी असते, निर्माता असतो. आज जिंतूरची किंवा सेलूची एखादी मुलगी मुंबई न गाठता, घरच्या गच्चीवर मोबाईल टेकवून, लाखभर लोकांपर्यंत पोचू शकते. ही फार मोठी गोष्ट आहे आणि मला तिचा मनापासून आनंद आहे. पण तिच्या आणि त्या लाखभर लोकांच्या मध्ये कोणीच उभं नसतं. मेसेज थेट तिच्या उशाशी येतो. रात्री दोनला येतो. उत्तर दिलं नाही तर "इतकी माजलीस का?" असा पुढचा मेसेज येतो.

खोट्या ओळखीचं जाळं

अशा प्रकरणांत तीन पद्धती दिसतात.

पहिली, कलाकाराचं सोंग घेणं. टेगन आणि सारा या कॅनडातल्या जुळ्या गायिका. साधारण २००८ पासून कोणीतरी टेगनचं नाव घेऊन त्यांच्याच चाहत्यांशी मैत्री जमवत होतं, काहींशी प्रेमाचे बंध जोडत होतं. त्या व्यक्तीकडे न प्रसिद्ध झालेली गाणी होती, पासपोर्टची प्रत होती. म्हणजे गायिकांच्या खासगी फायली फोडल्या गेल्या होत्या. २०११ मध्ये हा प्रकार टेगनच्या कानावर आला. तोवर अनेक चाहते वर्षानुवर्षं 'तिच्याशी' बोलत होते. २०२४ मध्ये यावर माहितीपट आला. त्यातली जाणवणारी गोष्ट म्हणजे जखम दोन्हीकडे झाली. चाहत्यांचा विश्वास तुटला, आणि जिने काहीच केलं नव्हतं त्या गायिकेला प्रत्येक चाहत्याकडे संशयाने बघायची पाळी आली.

दुसरी, खोटा माणूस उभा करून कलाकारालाच फसवणं. लंडनमधल्या किरत अस्सी या पंजाबी वंशाच्या रेडिओ निवेदिका. फेसबुकवर ओळख झालेल्या एका डॉक्टरशी त्यांचं नातं जुळलं. प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. दरवेळी काहीतरी कारण निघायचं, आजारपण, धोका, परदेश. भोवती त्याच्या नातलगांची आणि मित्रांची डझनावारी खाती होती आणि सगळी एकमेकांची साक्ष द्यायची. जवळपास दशकभराने, २०१८ मध्ये उलगडा झाला. ही सगळी माणसं एकच व्यक्ती चालवत होती आणि ती किरत यांच्याच नात्यातली होती. फौजदारी खटला उभा राहिला नाही. त्यांनी दिवाणी मार्गाने लढून भरपाई आणि माफी मिळवली. पन्नास माणसं एखाद्या गोष्टीची ग्वाही देतात तेव्हा आपण ती खरी मानतो. ऑनलाइन जगात ती पन्नास माणसं एकाच अंगठ्याने टाइप करता येतात.

तिसरी पद्धत नवी आहे आणि वेगाने पसरते आहे, ती म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरा चोरणं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अभिनेत्री गिरिजा ओक यांच्या एका मुलाखतीतला निळ्या साडीतला भाग देशभर फिरला. कौतुकाचा पूर आला. पाठोपाठ त्यांच्या चेहऱ्याची अश्लील, बनावट चित्रं फिरू लागली. त्यांनी व्हिडिओ करून शांतपणे सांगितलं की माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, उद्या तोही हे बघेल. ही चित्रं खोटी आहेत हे त्याला कळेल, तरी बघणाऱ्यांना त्यातून स्वस्त चाळवणूक मिळते, याची त्यांना भीती वाटत होती. चित्रं बनवणाऱ्यांइतकेच ती बघून पुढे ढकलणारेही यात आहेत, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडलं.

पत्ता ही सर्वांत नाजूक गोष्ट

१९८९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रिबेका शेफर या २१ वर्षांच्या अभिनेत्रीला एका चाहत्याने तिच्या दारात गोळी घातली. तो आधीपासून तिला पत्रं लिहीत होता. तिच्या घराचा पत्ता त्याने एका खासगी गुप्तहेरामार्फत वाहन नोंदणीच्या सरकारी दप्तरातून मिळवला होता. या हत्येनंतर कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये पाठलागाविरुद्ध कायदा केला, अमेरिकेतला असा पहिलाच. पुढे १९९४ मध्ये वाहनमालकांची माहिती जपणारा केंद्रीय कायदाही आला.

आपल्याकडे गुप्तहेराची गरजच पडत नाही. परभणीसारख्या जिल्ह्यात आडनाव आणि गाव कळलं की घर सापडतं. रीलमध्ये मागे दिसणारी दुकानाची पाटी, कॉलेजचा गणवेश, स्कूटीची नंबरप्लेट, रोज त्याच वेळी त्याच रस्त्यावर काढलेला व्हिडिओ, यातून माणूस दारापर्यंत पोचू शकतो. म्हणून घराभोवतीचं चित्रीकरण टाळावं, आणि बाहेरचा व्हिडिओ तिथून निघाल्यावर टाकावा. व्यवसायासाठी वेगळा नंबर ठेवावा. आपल्या खात्याला दुहेरी पडताळणी लावावी.

कायदा काय देतो

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत पाठलागाचं कलम आलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क करणं किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणून त्रास देणाऱ्याला एकदाच, स्वच्छ शब्दांत लिहून कळवा : "मला तुमच्याशी बोलायचं नाही, पुन्हा संपर्क करू नका." वाद नको, शिव्या नकोत. या एका वाक्याला पुढे पुराव्याचं वजन येतं.

हे कलम स्त्रियांपुरतं आहे. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं लागू होतात. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख चोरणं हे ६६-क, सोंग घेऊन फसवणं ६६-ड, खासगी अवयवांचं चित्रण ६६-इ, अश्लील मजकूर ६७. नाव लपवून धमकी दिली तर न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली शिक्षा वाढते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास किमान पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. ठाण्यात गेलात तर हे लक्षात असू द्या. "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर चालत नाही. कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवता येतो.

तक्रारीआधी काही मिटवू नका. स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख-वेळ दिसू द्या. नाव केव्हाही बदलता येतं, म्हणून खात्याची लिंक जपून ठेवा. मग १९३० वर फोन किंवा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. तिथे स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. नग्न किंवा बनावट चित्र, किंवा तुमच्या नावाचं खोटं खातं असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लगेच कळवा. २०२१ च्या नियमांनी अशा तक्रारीवर कारवाईसाठी जास्तीत जास्त २४ तास दिले.

शिक्षा कोणाला?

या सगळ्यापेक्षा अवघड गोष्ट घरात घडते. मुलीला घाणेरडे मेसेज आले की पहिला निर्णय होतो : "बंद कर ते रील." फोन काढून घेतला जातो, कॉलेज सुटतं, लग्नाची घाई होते. त्रास देणारा मात्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाने खातं उघडतो. २०२३ मध्ये नृत्यांगना गौतमी पाटील यांचं कपडे बदलताना चोरून चित्रीकरण झालं आणि ते पसरवलं गेलं. पुण्यात गुन्हा नोंदला गेला, राज्य महिला आयोगानेही दखल घेतली. तरीही चावडीवरची चर्चा कॅमेरा लपवणाऱ्यावर थांबण्याऐवजी त्यांच्या नाचाकडेच वळत राहिली. ब्रॅड पिटच्या नावाने फसवल्या गेलेल्या एका फ्रेंच महिलेचे ८ लाख ३० हजार युरो गेले. जानेवारी २०२५ मध्ये ती टीव्हीवर बोलली, तेव्हा तिची इतकी टवाळी झाली की वाहिनीला तो कार्यक्रम मागे घ्यावा लागला. फसलेल्याला हसणारा समाज फसवणाऱ्याला मोकळं रान देतो. पुढचा फसलेला माणूस मग तोंडच उघडत नाही.

उलटंही घडू शकतं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत खारच्या रस्त्यावर थेट प्रक्षेपण करणाऱ्या एका कोरियन यूट्यूबर तरुणीला दोघांनी त्रास दिला. बघणाऱ्यांनी ती चित्रफीत पुढे आणली, पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवला आणि दोघांना अटक झाली. तिने पुढेही भारतात काम चालू ठेवलं. प्रेक्षक जागा असला की एवढा फरक पडतो.

म्हणून आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलीने मेसेज दाखवला तर आधी तिला म्हणा, "बरं झालं सांगितलंस." मग तिच्यासोबत ठाण्यात जा. तिचं खातं तिचं काम आहे, ते बंद करू नका. चाहत्यांनो, टाळी द्या, कौतुक लिहा, आवडलं नाही तर तसंही सांगा. पण कलाकाराने तुम्हाला गाणं दिलं आहे, स्वतःला दिलेलं नाही. ती उत्तर देवो न देवो, ती तुमचं काही देणं लागत नाही. एवढं जो मानतो तोच चाहता. बाकीच्यांसाठी कलम ७८ आहे, आणि ते वापरायला आपण लाजता कामा नये.

(पुढील भागात : लहान मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकताना पालकांनी काय जपावं)