भंगाराच्या काट्यावरची पटाशी

नांदेड असो की लातूर, भंगारवाल्याच्या काट्यावर लोखंडाला लोखंडाचाच भाव मिळतो. मोडक्या खिडकीचे गज, गंजलेली कडी आणि लेथवर लाकूड कातणाऱ्या कातारी घरात दोन पिढ्या वापरलेली पटाशी, सगळं एकाच पोत्यात. मराठवाड्यातल्या भंगाराचा मोठा ओघ जालन्याच्या पोलाद कारखान्यांकडे जातो आणि तिथल्या भट्टीतून बांधकामाची सळई होऊन बाहेर पडतो. सळई हवीच. पण चांगलं हत्यार केवळ कुणी ओळखलं नाही म्हणून भट्टीत जावं, याची हळहळ वाटते. ते ओळखणं फारसं अवघडही नाही.

लाटणं, रवी, भोवरा, पाळण्याच्या दांड्या, बाजेचे पाय, देवघराचे खांब: लेथवर कातलेलं लाकूड घरोघरी असायचं. किनवटच्या जंगलातलं सागवान तर नांदेडच्या हाताशीच. पुढे स्टील आणि प्लास्टिक आलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लाकडी सांगाड्याची, जड मातीच्या छताची माळवदं लोकांना नकोशी झाली आणि नव्या गावठाणांत सिमेंटची घरं उभी राहिली. सुतारकामाचं स्वरूपच पालटलं. म्हाताऱ्या कारागिराची पेटी त्याच्या माघारी उघडली जाते, तेव्हा आतलं काय ठेवावं आणि काय विकावं हे सांगणारं माणूस बहुतेक घरांत उरलेलं नसतं.

सुताराची पटाशी ठोक्यासाठी असते. तिच्या मुठीला कडं असतं किंवा माराने मुठीचं टोक चेपलेलं असतं. लेथवरच्या पटाशीला हातोडी लागतच नाही. तिची मूठ लांब, टोकाला गुळगुळीत. पातं जाड, कारण फिरत्या लाकडाचा रेटा तिला टेकूवर पेलायचा असतो. सुताराच्या पटाशीला धारेचा उतार एका बाजूने, तर लेथच्या तिरक्या पटाशीला दोन्ही बाजूंनी. गोल पटाशीला लांब पन्हळ असते. एक सावधगिरी मात्र हवीच: रुंद गोल पटाशीचा मुठीत शिरणारा भाग सपाट आणि अरुंद असेल, तर ती चौकोनी लाकूड गोल करण्यापुरतीच वापरावी. तिने वाडगा कोरायला गेल्यास ती तिथूनच मोडू शकते.

खरं मोल पोलादाचं. जुनी हत्यारं बहुधा कार्बन पोलादाची. हायस्पीड पोलाद १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात जगापुढे आलं, पण ते धातू कापण्यासाठी; लाकूडकामाच्या लेथवर ते रुळायला १९८० चं दशक उजाडलं. पात्यावर ‘एचएसएस’ किंवा ‘एम २’ असा ठसा असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर धार लावणाऱ्याच्या चाकाला पात्याची शेपटीकडची बाजू क्षणभर लावून बघावी. कार्बन पोलादाच्या ठिणग्या पिवळ्या-पांढऱ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. हायस्पीडच्या मंद, लालसर, जवळजवळ न फुटणाऱ्या. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, फुलं थोडी. असं पातं कितीही चकचकीत असलं तरी धार धरणार नाही.

धारेजवळचा निळा डागही वाचता आला पाहिजे. चाकावर तापून कार्बन पोलाद निळं पडलं, म्हणजे साधारण ३०० अंश सेल्सिअसला पोचलं, की त्याचं पाणी उतरतं. तेवढा भाग घासून काढावा लागतो आणि तेवढी लांबी गेली असं धरावं. हायस्पीड पोलाद ६०० अंशांच्या आसपासही कणखर राहतं, त्यामुळे तिथे निळेपणाला घाबरायचं कारण नाही.

गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यापासून घडवलेली हत्यारं पुष्कळ सापडतात. नीट पाणी दिलेलं असेल तर ती उत्तम चालतात, नाव नाही म्हणून त्यांना हलकं लेखू नये. जुन्या कानशीपासून केलेल्या पटाशीबाबत मात्र सावध राहावं. पात्यावर आडव्या दातांच्या पुसट रेषा दिसतात. कानस कडक तशीच ठिसूळ. पुन्हा तापवून नरम केलेली नसेल, तर फिरत्या लाकडात अडकून तिचा तुकडा उडू शकतो.

ठसा शोधायचा तर मुठीलगतचा गंज रॉकेल आणि पितळी ब्रशने हलकेच काढावा, चाकावर कधीच नाही. शेफील्डच्या विल्यम मार्पल्स या १८२८ पासूनच्या कारखान्याची खूण तीन पानांची, शॅमरॉकची. ‘कास्ट स्टील’ ही इंग्रजी अक्षरं म्हणजे बिडाचं ओतकाम नव्हे, तर १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने शेफील्डमध्ये सुरू केलेलं मुशीतलं पोलाद. मुशीतल्या पोलादाची आपल्या शेजारची परंपरा मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम त्यासाठी इराणपर्यंत ख्यात होतं. तिथल्या भट्ट्यांचं भूगर्भशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसीने केलेलं वर्णन १८३२ मध्ये छापून आलं.

किंमत ठरवताना भंगाराचा भाव हा तळ आणि त्याच मापाच्या, त्याच पोलादाच्या नव्या हत्याराची किंमत हे छत धरावं. मग उरलेली लांबी बघावी. गोल पटाशीत तर फक्त पन्हळीची लांबी मोजायची, कारण पन्हळ संपली की पुढचा दांडा बिनकामाचा. पन्हळीच्या आत गंजाचे खड्डे असतील तर प्रत्येक खड्डा एक दिवस धारेवर येणार. बाहेरून वरवरचा गंज असेल तर बिघडत नाही. मूठ तुटकी असल्याने भाव फार पाडू नये. बाभळीची नवी मूठ कातारी स्वतःच कातून घेतो.

लेथच विकाऊ असेल तर रंगाकडे पाहू नये. मुख्य दांडा हाताने हलवून बघावा. खडखडला तर बेअरिंग गेलं. मागचं टोक पुढे सरकवून समोरच्या टोकाला भिडवावं, दोन्ही अणकुच्या नेमक्या जुळायला हव्यात. दांड्यातलं निमुळतं भोक मोर्स दोन क्रमांकाचं, म्हणजे तोंडाशी सुमारे १७.८ मिलिमीटर असेल, तर सुटे भाग सहज मिळतात. टेकूवरचे खड्डे कानशीने निघतात. मोटर मात्र विचारूनच घ्यावी: थ्री-फेजची मोटर घरच्या सिंगल-फेज जोडणीवर थेट चालत नाही, आणि व्हीएफडी (सिंगल-फेजवरून थ्री-फेज वीज देणारं यंत्र) किंवा नव्या मोटरचा खर्च सौदा करतानाच वजा करायचा असतो.