मॉडेल वॅगनचं वजन किती असावं?

मागच्या महिन्यात एका ज्युनियरने फोनवर विचारलं, "ताई, लॅबमध्ये आपण सगळं छोटं करून बघतो. मग ते मोठ्याला लागू पडतं हे कशावरून?" पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न आहे हा. मी तेव्हा टेबलावर एक फुटभर लांबीची वॅगन उघडून बसले होते आणि तिच्या पोटातून पांढरी भुकटी काढत होते. मी म्हटलं, थांब, यावर सविस्तरच लिहिते.

आधी पार्श्वभूमी. मी सध्या इंग्लंडमध्ये पीएचडी करतेय, विषय धातूंचा गंज. इथे गावोगावी मॉडेल रेल्वेचे क्लब असतात आणि त्यात साठी-सत्तरीची माणसं अत्यंत गंभीरपणे वॅगनी बांधत बसतात. मी पंढरपूरकडची आहे हे कळल्यावर एका आजोबांनी विचारलं, "म्हणजे बार्शी लाइट?" मला हसूच आलं. आमचे आजोबा ज्या गाडीच्या वेगाची आयुष्यभर चेष्टा करायचे, ती इथल्या लोकांना पाठ आहे! कारणही आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने आखलेली ही लाइन १८९७ साली सुरू झाली आणि तिच्या वॅगनी लीड्समध्ये तयार झाल्या होत्या. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. प्रत्येक ॲक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा नियम. त्यामुळे रूळ हलके चालले आणि खर्च आटोक्यात राहिला.

आजोबांनी तीस वर्षांपूर्वी या लाइनची एक उघडी मालवॅगन १:२४ या प्रमाणात बांधली होती. १:२४ का? हिशेब करून बघा. बाजारात ३२ मिलिमीटर अंतराचे रूळ सहज मिळतात. ७६२ ला ३२ ने भागलं की २३.८ येतात, म्हणजे जवळजवळ २४. खरी वॅगन २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद, म्हणून मॉडेल ३१.८ सेंटिमीटर लांब आणि ८.९ सेंटिमीटर रुंद. इथवर सगळं सरळ आहे. आता प्रश्न असा, की तिचं वजन किती असावं?

सगळं २४ ने भागून चालत नाही

लांबी २४ पट कमी केली तर पृष्ठभाग २४ × २४ = ५७६ पट कमी होतो आणि आकारमान २४ × २४ × २४ = १३,८२४ पट. पदार्थ तोच राहिला तर वजनही १३,८२४ पट कमी होणार. चार ॲक्सलवर प्रत्येकी ५ ब्रिटिश टन म्हणजे पूर्ण भरलेली वॅगन २० टनांची, साधारण २०,३२० किलो. भागाकार केला की १.४७ किलो. रिकामी वॅगन समजा ६ टनांची धरली, तर मॉडेल ४४० ग्रॅमचं हवं. प्लास्टिकच्या पत्र्यांची बांधलेली वॅगन बोग्या धरून जेमतेम २०० ग्रॅम भरते. म्हणजे आत कुठेतरी वजन लपवायला लागणार.

वेळेचं आणखी वेगळं. गाडी ताशी २४ किलोमीटरने जात असेल तर मॉडेल ताशी १ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २८ सेंटिमीटर चाललं की डोळ्यांना बरोबर वाटतं. पण कपलिंगची लोंबती साखळी हलते ती गुरुत्वाकर्षणामुळे, आणि गुरुत्वाकर्षण काही आपण २४ ने भागू शकत नाही. लंबकाचा आवर्तकाळ लांबीच्या वर्गमुळावर ठरतो. २४ चं वर्गमूळ ४.९. त्यामुळे मॉडेलची साखळी खरीपेक्षा जवळपास पाचपट भरभर हलते. मॉडेल रेल्वेचा व्हिडिओ पाहिल्यावर "हे खोटं आहे" असं चटकन जाणवतं, त्याचं हे एक मोठं कारण.

जाडीचंही तसंच. खरा ६ मिलिमीटरचा पोलादी पत्रा १:२४ मध्ये पाव मिलिमीटरचा होतो. तेवढं पातळ प्लास्टिक हातात धरताच वाकतं. म्हणून बांधणारे १ मिलिमीटरचा पत्रा घेतात आणि फक्त दिसणारी वरची कड घासून पातळ करतात. पाहणाऱ्याला कडच दिसते, म्हणून तेवढीच प्रमाणात ठेवायची.

तुमच्या ज्युनियर मैत्रिणीला द्यायच्या उत्तराचा पहिला भाग इथेच आहे. छोट्या प्रतिकृतीत सगळ्या गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठेवता येत नाहीत. कुठली खरी ठेवायची हे तुम्ही ठरवता, आणि बाकीच्यांचं काय झालं हे लिहून ठेवता.

सूत्राला न जुमानणारा नियम

आता गंमत बघा. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने वजनाचा एक नियम सुचवलाय. १:८७ च्या डब्याला मुळात १ औंस, अधिक दर इंच लांबीला अर्धा औंस. १:४८ च्या डब्याला मुळात ५ औंस, अधिक दर इंचाला १ औंस. यात घन कुठेच नाही! सरळ रेषेचं समीकरण आहे.

समजा, खरा डबा ४० फुटी आणि रिकामा २२ टनांचा आहे. १:८७ मध्ये घनाच्या हिशेबाने त्याचं वजन ३३ ग्रॅम येतं, पण नियम सांगतो सुमारे १०५ ग्रॅम. तिप्पट. १:४८ मध्ये हिशेब सांगतो २०० ग्रॅम, नियम सांगतो ४२५. दुप्पट.

नियम चुकलाय का? नाही. तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतोय. "खऱ्यासारखं वजन किती" हे त्याला विचारलेलंच नाही, "डबा रुळावरून उतरू नये म्हणून किती" हे विचारलंय. रुळांच्या सांध्यातली फट, धूळ, कपलिंगचा अडखळणारा झटका, या गोष्टी स्केलप्रमाणे लहान होत नाहीत. शिवाय घरातली वळणं खऱ्या रेल्वेपेक्षा फारच तीव्र असतात. जड डब्यांच्या मध्ये एखादा हलका डबा आला की वळणावर तो आत ओढला जाऊन कलंडतो. सगळे डबे सारख्या प्रमाणात जड असले की हे टळतं. आणि स्केल मोठी होत गेली तसा हिशेब आणि नियम यांतला फरक तिपटीवरून दुपटीवर आला, हेही लक्षात घ्या. मोठ्या स्केलची गाडी जास्त "खरी" चालते असं मॉडेलवाले म्हणतात, त्यात हा भाग आहे.

अनुभवातून आलेला नियम समोर आला की त्याला सूत्राशी जुळवायच्या आधी विचारा: हा कुठल्या प्रश्नासाठी बनलाय?

बार्शीच्या वॅगनीत आणखी एक अडचण. ८.९ सेंटिमीटरची रुंदी फक्त ३.२ सेंटिमीटरच्या रुळांवर उभी आहे. म्हणून वजन जितकं खाली तितकं बरं. ते फरशीच्या खाली, चौकटीच्या मधल्या पोकळीत बसवतात. बोग्यांपैकी एक घट्ट ठेवतात, म्हणजे ती फक्त वळते, डावीउजवीकडे झुकत नाही. दुसरी मात्र सगळीकडे झुकू शकेल अशी सैल. तिपाई कधी डुगडुगत नाही, चौरंग डुगडुगतो, तेच तत्त्व. आठही चाकं रुळाला टेकून राहतात.

माझी चूक

आजोबांचे हात आता थरथरतात. गेल्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ही वॅगन माझ्याकडे दुरुस्तीला दिली. दोन्ही लांब बाजू खालून बाहेर फुगल्या होत्या. वसंतातल्या प्रदर्शनात ती चालवायची होती. मी ठरवून टाकलं: माळ्यावर उन्हाळ्यात तापून प्लास्टिक वाकलं असणार. गरम पाण्याने शेकून, शिकंजात दाबून बाजू सरळ केल्या, फटी चिकटवल्या. फुगवट्यावरचा रंग तडकला होता, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो काढला आणि नवा दिला. त्यासोबत आजोबांनी स्वतः, एका केसाच्या कुंचल्याने लिहिलेले वॅगनचे आकडे गेले. मी फोटो काढलेले होते, म्हणून ते पुन्हा लिहिले. वॅगन छान दिसत होती.

मार्चमध्ये ती पुन्हा फुगली. या वेळी कोपरा उलला.

तेव्हा कुठे मी फरशी उघडली. आत शिशाचे बारीक छर्रे होते, सुतार वापरतात त्या पांढऱ्या गोंदात, म्हणजे पीव्हीएत, बसवलेले. छऱ्यांभोवती पांढरी भुकटी साचली होती. आणि मी गंजावर पीएचडी करतेय!

घडतं ते असं. हा गोंद बंद, दमट जागेत हळूहळू ॲसिटिक आम्ल सोडतो, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. आम्ल, ओलावा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून शिशाचं क्षारीय कार्बोनेट तयार करतात. रंगारी ज्याला सफेदा म्हणत तो हाच. पूर्वी तो मुद्दाम बनवायचे, शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या भांड्यांवर ठेवून शेणखतात पुरून. आजोबांच्या वॅगनच्या पोटात तोच कारखाना तीस वर्षं चालू होता.

फुगण्याचा हिशेब तुम्हीही करू शकता. शिशाची घनता ११.३४, या कार्बोनेटची सुमारे ६.८. शिशाचे तीन अणू मिळून कार्बोनेटचा एक रेणू धरला, तर तेवढ्याच शिशाचं आकारमान ५५ वरून ११४ वर जातं. दुप्पट! पोकळी बंद, मग भिंती फुटणारच.

याच वॅगनमध्ये शिशाचा एक अखंड तुकडा बोगीवर स्क्रूने बसवला होता. तो नुसता काळवंडला होता, बाकी ठणठणीत. माझी पहिली प्रतिक्रिया: "सिद्ध झालं, दोष गोंदाचा!" तुम्ही इथे थांबा. त्या तुकड्यात आणि छऱ्यांत किती फरक आहेत? एक, त्याला गोंद नव्हता. दोन, तो उघड्यावर होता. तीन, तो अखंड होता. ३०० ग्रॅम शिसं एका घनाच्या रूपात असेल तर त्याचा पृष्ठभाग ५३ चौरस सेंटिमीटर. तेच २ मिलिमीटरच्या छऱ्यांत असेल तर सुमारे ७९० चौरस सेंटिमीटर. पंधरापट जास्त जागा आम्लाला मोकळी. क्षेत्रफळ वर्गाने आणि आकारमान घनाने बदलतं हा जो नियम वजनाच्या वेळी वापरला, तोच इथे आतून वॅगन फोडत होता.

तीन फरक एकत्र आले तर एकट्या गोंदाला दोषी धरता येत नाही. रसायनशास्त्र आपल्या बाजूने आहे म्हणून मी गोंदावर संशय घेते, पण या एका वॅगनवरून ते सिद्ध होत नाही. तुम्हाला गृहपाठ: हे तीन घटक सुटे करायचे असतील तर कमीत कमी किती बरण्या लागतील, आणि कुठल्या?

दुरुस्ती, आणि त्यापुढे

भुकटी कोरडी खरवडू नका, शिशाची धूळ विषारी असते. मी हातमोजे घालून, सगळं ओलं ठेवून ती काढली आणि कचरा वेगळा बंद करून दिला. आता वजनासाठी पोलादाचे तुकडे घातलेत. पोलादाची घनता ७.८५, त्यामुळे तेवढ्याच वजनाला १.४ पट जागा लागते. पोकळीत ती होती. तुकड्यांना रंगाचा हात देऊन ते एपॉक्सीने बसवले. सिलिकॉन वापरणार असाल तर वास घेऊन बघा: व्हिनेगरचा वास आला तर तोही तेच आम्ल सोडतोय. फरशी आता चिकटवलेली नाही, चार स्क्रूंवर आहे. पुढच्या माणसाला न फोडता उघडता यावी.

आजोबांना मी सगळं सांगितलं, ऑक्टोबरची चूकही. ते आकड्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "सात माझा असा नव्हता." खरंच नव्हता. फोटोत बघून लिहिलेला सात तो.

तुम्ही संशोधनाला सुरुवात कराल तेव्हा पहिल्या वर्षी असंच काहीतरी फुगलेलं समोर येईल. दाबून सरळ करायच्या आधी फरशी उघडा. आणि जे परत मिळणार नाही, नमुना असो, मूळ डेटा असो की कुणाच्या हातचे आकडे, त्याला कारण समजेपर्यंत हात लावू नका.

प्रदर्शनात वॅगन दोन दिवस चालली, एकदाही उतरली नाही. वजन ४९० ग्रॅम. फरशीच्या आत एक चिठ्ठी ठेवलीय: काय काढलं, काय घातलं, कधी, आणि कुठले आकडे मूळचे नाहीत.